जे सापडलेलं नाही, त्याला एक तास द्या

प्रति,
सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनांचे आणि व्याख्यानमालांचे आयोजक,
बेळगाव, खानापूर, निपाणी व परिसर

स. न. वि. वि.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. यंदाच्या हंगामात आपल्यापैकी एका संमेलनाच्या पत्रिकेतून विज्ञानाचं सत्र छपाईच्या आदल्या दिवशी काढून टाकलं गेलं. सत्र मीच मांडणार होते. पत्रिकेत नाव आलं नाही म्हणून रुसणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. तेवढंच असतं तर मी त्यांच्यात भर घातली नसती. पण फोनवर जे कारण सांगितलं गेलं, ते काही केल्या गळ्याखाली उतरेना. "बाई, जे सापडलंच नाही त्याच्यावर तासभर काय बोलणार तुम्ही? लोक उठून जातील की ओ."

त्या गावाचं आणि समितीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. हे कारण एका गावापुरतं नाही. वेगवेगळ्या शब्दांत ते आपल्या बहुतेक बैठकांत ऐकू येतं, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आणि मांडवात खुर्च्यांवर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला.

आधी विषय काय होता ते सांगते. पत्रिकेतून गेलेला विषय निदान इथे तरी छापला जाऊ दे.

डार्क मॅटर, म्हणजे कृष्णद्रव्य, हे नाव आता पोरांनाही माहीत आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे (गॅलक्सींचे) वेग तपासले, तेव्हा दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणं शक्यच नव्हतं. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचं फिरणं मोजलं. केंद्रापासून लांब गेल्यावर वेग कमी व्हायला हवा होता, तो तसा झाला नाही. त्यानंतर वेगवेगळ्या वाटांनी मोजमापं झाली आणि आजचा हिशोब साधारण असा आहे: विश्वाच्या एकूण ऐवजात तुम्ही-आम्ही, डोंगर, तारे, वायू मिळून ५ टक्क्यांच्या आसपास आणि कृष्णद्रव्य २७ टक्क्यांच्या आसपास. उरलेलं डार्क एनर्जीचं खातं, ते आज नको. म्हणजे आपल्या ओळखीच्या द्रव्याच्या पाचपट काहीतरी आहे. ते वजन दाखवतं, पण प्रकाश देत नाही, अडवत नाही आणि हातालाही लागत नाही.

माझं सत्र मात्र याच्या पुढच्या प्रश्नावर होतं. गुरुत्वाकर्षण सोडलं तर या द्रव्याचा आणि आपल्या द्रव्याचा एकमेकांशी काही संबंध आहे का? असला तर तो जोडणारा कण कोणता? असे कण कागदावर बरेच मांडले गेलेत. त्यातला सर्वात चर्चेतला डार्क फोटॉन. त्याच्यामागची मूळ कल्पना बॉब होल्डम यांनी १९८६ मध्ये मांडली. आपल्या प्रकाशकणासारखाच एक कण कृष्णद्रव्याच्या बाजूला असेल, आणि या दोघांची अगदी किंचित, हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी, सरमिसळ होत असेल. मग विजेचा भार असलेल्या आपल्या कणांना त्या बाजूचा पुसटसा स्पर्श होईल. काहींच्या मते दुवा इतर कणांना वस्तुमान मिळवून देणाऱ्या हिग्ज कणातून जातो, काहींच्या मते न्यूट्रिनो या विजेचा भार नसलेल्या, क्वचितच कशाला अडणाऱ्या कणातून. ॲक्सिऑन या कणाची तर गोष्टच वेगळी. १९७७ मध्ये पेच्ची आणि क्विन यांनी अणुगर्भातल्या बलाचं एक जुनं कोडं सोडवण्यासाठी जी युक्ती काढली, तिच्यातून तो निघाला. तो स्वतःच कृष्णद्रव्य असू शकतो आणि जोरदार चुंबकक्षेत्रात त्याचा प्रकाशकण होऊ शकतो. फ्रँक विल्चेक यांनी त्याला कपडे धुण्याच्या पावडरीचं नाव दिलं. एवढं सांगितलं तरी पोरं तासभर बसतात.

असा कण असावा असं वाटण्यामागे नुसती हौस नाही, हिशोब आहे. विश्व नुकतंच जन्मलेलं आणि भयंकर तापलेलं असताना दोन्ही प्रकारचं द्रव्य एकमेकांत रूपांतरित होत असेल, तर विश्व थंड होताना कृष्णद्रव्य किती उरेल हे गणिताने काढता येतं. कृष्णद्रव्याचा कण जड असेल तर आपल्याला माहीत असलेलं क्षीण बल (किरणोत्सारात दिसणारं) हे रूपांतर घडवायला पुरतं. पण तो प्रोटॉनच्या दुपटीहून हलका निघाला तर ते बल पुरत नाही. कण नष्ट व्हायला हवेत तेवढे होत नाहीत आणि आज दिसतं त्यापेक्षा फार जास्त कृष्णद्रव्य उरायला हवं. बेन्जमिन ली आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये ही मर्यादा दाखवली. जड कण शोधण्यासाठी अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खाली झेनॉन हा जड वायू द्रवरूपात, दहा टन, भरून ठेवलाय. इटलीतही डोंगराच्या पोटात तसंच आहे. अजून काही हाती लागलेलं नाही. त्यामुळे हलक्या कणांकडे लक्ष वळलं. हलका कण मानायचा तर नवा दुवा मानणं भाग पडतं. पाहिजे तर माना, नको तर सोडा, अशी सोय यात नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, "जे सापडलंच नाही" याबद्दलची. समितीतल्या मंडळींना वाटतं की विज्ञान म्हणजे सापडलेल्या गोष्टींची यादी, आणि व्याख्यान म्हणजे ती यादी वाचून दाखवणं. तसं असतं तर पाठ्यपुस्तक वाटून मोकळं होता आलं असतं. १९३० मध्ये वुल्फगांग पाउली यांनी पुढे न्यूट्रिनो नाव पडलेल्या कणाची कल्पना केली ती नाइलाजाने. किरणोत्सारातल्या ऊर्जेचा हिशोब जुळत नव्हता. असा कण कधी सापडेल याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. तो सापडला १९५६ मध्ये. हे साल सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको. त्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेत आपलं काय झालं ते घराघरात पाठ आहे, पण त्याच वर्षी जूनमध्ये राइन्स आणि कोवान यांनी पाउलींना तार करून कण सापडल्याचं कळवलं, हे आमच्या किती शाळांत सांगितलं जातं? मधली सव्वीस वर्षं त्यावर बोलू नका असं कुणी म्हटलं असतं, तर शोधणारे तयार तरी कुठून झाले असते?

न सापडण्यातही किती प्रकार असतात, हे लोकांना सांगायचं होतं. हंगेरीत देब्रेत्सेनच्या अणुसंशोधन संस्थेत आत्तिला क्रास्नाहोर्काई आणि सहकाऱ्यांनी लिथियमवर प्रोटॉन मारून उत्तेजित बेरिलियम तयार केलं. त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) यांच्या जोड्या बाहेर पडतात. दोघांमधला कोन जसा मोठा होत जातो तशा जोड्या कमी होत जायला हव्यात. त्यांना १४० अंशांच्या आसपास एक फुगवटा दिसला. मधे क्षणभर एखादा नवा कण जन्मून फुटत असेल, तर त्याचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या तेहतीसपटीच्या आसपास येतं. त्याला एक्स-१७ म्हणतात. २०१६ मध्ये हे छापून आलं आणि काही सैद्धान्तिकांनी त्यात नवं बल पाहिलं. कृष्णद्रव्याकडे जाणारं दार हेच की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग इतर प्रयोगशाळा कामाला लागल्या. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटच्या प्रयोगाने २०२४ मध्ये तीच मोजणी स्वतंत्रपणे केली. त्यांना ठोस काही दिसलं नाही, पण हंगेरीचा दावा पुरता खोडला गेला असंही झालं नाही. म्हणजे आज या घडीला उत्तर लटकलेलं आहे. आता मला सांगा, मांडवात बसलेल्या माणसाला यापेक्षा चांगली गोष्ट कुठली मिळणार? दावा आहे, साक्षी आहेत, उलटतपासणी आहे आणि निकाल राखून ठेवलेला आहे. बेळगावच्या माणसाला निकालाची वाट बघणं शिकवायला नको.

आणखी एक प्रयोग मी मुद्दाम निवडला होता, कारण तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळेल अशी माझी खात्री आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एनए-६४ नावाचा प्रयोग आहे. ठरावीक ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एका जाड मोजमापयंत्रात सोडायचा आणि सगळी ऊर्जा आत जमा झाली का ते बघायचं. डार्क फोटॉन तयार झाला तर तो यंत्राला चुकवून ऊर्जा घेऊन निसटेल आणि जमेत तूट येईल. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी घातलेल्या माणसाला तूट म्हणजे काय ते सांगावं लागतं का? काटामारी कुठे झाली हे शोधायचं असेल तर आधी काटा चोख असावा लागतो आणि गाड्या पुष्कळ मोजाव्या लागतात. त्या प्रयोगाने २०२३ मध्ये निकाल जाहीर केला तेव्हा ९० हजार कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन मोजून झाले होते. संशयास्पद तूट एकाही ठिकाणी नाही. याला तुम्ही 'काही सापडलं नाही' म्हणता. शास्त्रज्ञ म्हणतात, डार्क फोटॉन असेल तर त्याचं वस्तुमान आणि सरमिसळ अमुक पट्ट्यात नाही, आता पुढचा पट्टा बघू. त्या निकालाने लपायची जागा कमी केली.

हे कण कधीच सापडणार नाहीत, असंही होऊ शकतं. मी सत्रात तेही सांगणार होते. कृष्णद्रव्याचा आणि आपला संबंध गुरुत्वाकर्षणापुरताच असेल, तर या सगळ्या यंत्रांना काहीच दिसणार नाही. १९८३ पासून मोर्देहाय मिल्ग्रोम आणि काहीजण म्हणतात की द्रव्य नव्हे, गुरुत्वाकर्षणाचा नियमच दुरुस्त करायला हवा. मला स्वतःला ते पटत नाही, कारण दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेत तिथे तप्त वायू मधे अडकून राहिलेला आणि वस्तुमान पुढे सरकलेलं दिसतं, त्याचा खुलासा त्या वाटेने अवघड जातो. पण वाद आहे, आणि तो मांडला पाहिजे.

दुसरी तक्रार अशी की हा विषय तुमच्या मांडवात वर्ज्य नाहीच. माझं सत्र काढून तिथे जे व्याख्यान ठेवलं गेलं, त्यात वक्त्यांनी कृष्णद्रव्याचा उल्लेख केला, तोही एकदा नाही, वारंवार. विश्वाचा ९५ टक्के भाग विज्ञानाला कळलेला नाही, तेच चैतन्य, आणि आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होतं. टाळ्या जोरात पडल्या. वक्त्यांविषयी मला आकस नाही, माणूस गोड बोलतो. अध्यात्मावर बोलायला माझी ना नाही. ज्ञानेश्वरीचं पारायण आमच्या घरातही होतं. पण 'सापडलेलं नाही' हे कारण माझ्या एका तासाला लागू झालं आणि त्यांच्या दीड तासाला नाही, हे कसं? मला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं सांगायचं होतं, आणि ते कसं शोधलं जातंय ते दाखवायचं होतं. त्यांनी जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं सांगितलं. शेवटी प्रश्न विचारायला हात वर केलेल्या आमच्या शाळेच्या दोन मुलांना वेळेअभावी बसवण्यात आलं. वेळ कुठे गेला ते मी पाहिलं होतं. सत्कार.

तिसरी तक्रार "आपल्या लोकांना काय कळणार" या वाक्याबद्दल. आपले लोक म्हणजे कोण? उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर उभं राहून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब ठेवणारा माणूस, ज्याला यंत्राची अचूकता म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळतं? की बटाट्याचा भाव आणि पाऊस दोन्हींचा अंदाज बांधून पेरणी करणारी बाई? अनिश्चितता समजायला यांना व्याख्यानाची गरज नाही. त्यांच्या पोरांना मात्र आहे. आमच्याकडे पोरं दहावीपर्यंत मराठीत भौतिकशास्त्र शिकतात. मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की वर्ग इंग्रजीत, नोट्स इंग्रजीत, सीईटी इंग्रजीत. पहिल्या सहामाहीत हुशार पोर गप्प होतं. शाळेत शंभर प्रश्न विचारणारा मुलगा वाटेत भेटतो आणि "बरं चाललंय बाई" एवढंच बोलतो. या टप्प्यावर मोठ्या माणसांच्या मांडवात, माइकवरून, मराठीत कुणीतरी आजच्या भौतिकशास्त्राबद्दल बोलतंय आणि गावातली माणसं ऐकताहेत, हे त्याने एकदा तरी पाहायला हवं. याने सीईटीचे मार्क वाढतील असा माझा दावा नाही. पण प्रश्न विचारायची सवय मोडू नये, एवढं तरी होईल.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल की मी हवेत बोलत नाही. नववीच्या वर्गात कृष्णद्रव्याचा विषय निघाला. एका मुलीने विचारलं, "बाई, मग ते आत्ता या वर्गात पण आहे काय?" आहे. सूर्याच्या शेजारपाजारी त्याची घनता साधारण तीन घन सेंटिमीटरला एका प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढी मानली जाते. तिला म्हटलं, ये, काढ हिशोब. एक लिटर जागेत तीनशेएक प्रोटॉनचं वजन झालं. एकेक कण शंभर प्रोटॉनएवढा जड असेल तर पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत कोणत्याही क्षणी तीन कण, आणि तेही सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने आरपार जाणारे. तिने फळ्यावर पुढे पृथ्वीचं घनफळ घेतलं. दहाचे घात लिहिताना खडू दोनदा मोडला. बेरीज-वजाबाकी झाली आणि उत्तर आलं, अर्धा किलोच्या आसपास. अख्ख्या पृथ्वीच्या आकाराच्या जागेत अर्धा किलो! तिचा विश्वास बसेना. "घात चुकला असंल बाई, बघा की." मी बघितलं, नव्हता चुकला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, एवढंसं असून ते दीर्घिकेला कसं काय धरून ठेवतं? उत्तरही पोरांनीच काढलं. दीर्घिका केवढी पसरलेली आहे, आणि मधली जागा बहुतेक रिकामीच आहे, हे नकाशावर बघितल्यावर. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. आणि तुम्ही म्हणता लोक उठून जातील.

"हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय त्याचं?" असंही एका ज्येष्ठांनी मला ऐकवलं. म्हणून ही चौथी तक्रार. कोलारच्या सोन्याच्या खाणी याच राज्यात आहेत. ('आपल्याच राज्यात' असं लिहिणार होते, पण तो वाद वेगळा.) त्या खाणीत जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. जगात असे न्यूट्रिनो टिपणाऱ्या पहिल्या दोन प्रयोगांपैकी तो एक. पुढे तिथल्याच उपकरणांत काही चमत्कारिक नोंदी मिळाल्या. एकाच बिंदूतून फुटलेल्या अनेक कणांच्या रेषा, आणि तो बिंदू खडकात नाही, तर उपकरणातल्या हवेच्या पोकळीत किंवा पातळ थरात. १९७५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. 'कोलार घटना' या नावाने त्या आजही ओळखल्या जातात आणि त्यांचा सर्वमान्य खुलासा झालेला नाही. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. आणि त्या नोंदी प्रसिद्ध झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी, एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी प्रश्न टाकला: त्या पोकळीत कृष्णद्रव्याचा कण फुटून आपल्या ओळखीचे कण बाहेर पडले असतील का? त्यांचं उत्तर बरोबर आहे असं कुणी म्हणत नाही, ते स्वतःही प्रश्नचिन्ह ठेवूनच लिहितात. पण ज्या विषयाला तुम्ही परदेशी म्हणालात, त्यातलं एक उघडं कोडं बेळगावहून रात्रीच्या गाडीने बेंगळूर गाठून पुढे थोडं गेलं की जमिनीखाली पडलेलं आहे. झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ पासून कृष्णद्रव्य शोधण्यासाठीच प्रयोगशाळा चालू आहे. आमचा विद्यार्थी उद्या तिथे जाऊ शकतो. कुणी सांगितलं तर.

'साहित्याचं व्यासपीठ' या आक्षेपाला मी फार वेळ देत नाही. २०२१ च्या नाशिकच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. कोल्हापुरात जन्मलेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. खगोलशास्त्रज्ञाला अध्यक्ष करताना मराठी साहित्याला काही कमीपणा आला नाही. आणि १९४६ साली बेळगावात भरलेल्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तोही काही कवितेवर नव्हता. संमेलन हे लोकांनी एकत्र बसून बोलायचं ठिकाण आहे असं आपण तेव्हापासून मानत आलोय.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. वर्गणी गोळा करायची, परवानगीसाठी खेटे घालायचे, मांडववाल्याचं भागवायचं, पाहुण्यांची सोय बघायची आणि एवढं करून मराठीपण टिकवलं म्हणून शाबासकी कुणी द्यायची नाही. सीमाभागात मराठी कार्यक्रम उभा करणं किती जिकिरीचं आहे ते मी जवळून पाहते, आमच्या घरातली माणसंही स्वयंसेवक असतात. म्हणूनच वाईट वाटतं. एवढ्या कष्टाने मिळवलेला माइक आपण त्याच त्या विषयांना देतो. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. यातलं काही काढा असं मी म्हणत नाही. सत्कार मात्र कमी करता येतील.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक संमेलनात आणि व्याख्यानमालेत आजच्या विज्ञानावर एक तास ठेवा, आणि विषय सुटलेलाच असावा अशी अट घालू नका. वक्ता त्या क्षेत्रात काम करणारा असावा किंवा तो विषय नीट वाचलेला शिक्षक असावा. पुण्या-मुंबईहून यायला कुणी तयार असेल तर उत्तम, नसेल तर आमच्याच शाळा-कॉलेजांत माणसं आहेत, त्यांना विचारून तरी बघा. त्या तासातली शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी राखून ठेवा, आणि पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचे घ्या.

व्यासपीठावरून कुणीही, कोणत्याही सत्रात, विज्ञानाचं नाव घेऊन दावा केला तर श्रोत्यांना त्यावर प्रश्न विचारता आला पाहिजे. हा नियम मलाही लागू करा. माझ्या चुका काढायला नववीचा वर्ग पुरेसा आहे, त्यांना आत सोडा म्हणजे झालं.

पत्रिका ठरल्यानंतर एखादं सत्र काढायचं असेल तर समितीने बैठकीत ठराव करून, कारण लिहून काढावं. आदल्या रात्रीचा फोन बंद करा.

आणि संमेलनाची स्मरणिका निघते, तिच्यात जाहिरातींच्या अधेमधे विज्ञानावरचा एक लेख छापा. तो लिहून देणारे मिळतील. मी एक लगेच देते.

या पत्राचं उत्तर लेखी हवं. 'नाही' असलं तरी चालेल, फक्त 'सापडलेलं नाही' सोडून दुसरं काही कारण द्या. पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीला बोलावलंत तर मी येईन. मानधन नको, शाल-श्रीफळ नको, पडदा आणि प्रोजेक्टरही नको. फळा आणि खडू मी शाळेतून आणते. सत्र तेवढं जेवणाआधी ठेवा.

आपली नम्र,
मराठी माध्यमाची एक विज्ञान शिक्षिका
बेळगाव तालुका